पिवळ्या मोटारीतलं गाणं

१. रिकामा ट्रे

मयुरीनं ब्लेडनं टेप कापली, बटण दाबलं, ट्रे कुरकुरत बाहेर आला, आणि त्यात काहीच नव्हतं.

गजूभाऊ आधी ट्रेकडे बघत राहिला. मग त्यानं वाकून टेबलाखाली पाहिलं, जणू सीडी आत्ताच घरंगळून गेली असावी. मग तो खुर्चीत बसला आणि म्हणाला, "असं कसं व्हईन? म्या सोता टाकलीती ना!"

मी काय बोलणार? मी धनंजय, आर्वीच्या बाजारात कापूस-सोयाबीनची अडत चालवतो. माल ओला की सुका, एवढं मला पोत्यात हात घालून कळतं. बाकी बाबतीत माझी अक्कल बेताचीच, असं माझी बायको सांगते आणि गावही तिच्याशी सहमत आहे. पण त्या ट्रेमध्ये काय होतं ते मला पक्कं माहीत होतं. माझं अर्धं शिक्षण त्याच्यासमोर बसून वाया गेलं होतं.

एस.टी. डेपोच्या मागच्या गल्लीत एकेकाळी ‘सपना सायबर’ होतं. गजूभाऊनं, म्हणजे गजेंद्रनं, ते काढलं तेव्हा त्याचं नुकतंच लग्न झालेलं, म्हणून दुकानाला बायकोचं नाव. कॉम्प्युटर चार आणि पोरं चाळीस. सगळ्यांना एकच गेम हवा असायचा, पिवळी मोटार. त्याचं खरं इंग्रजी नाव आम्ही कधी धड वाचलंही नाही. परदेशातल्या चकचकीत रस्त्यांवर शर्यत आणि त्यात आपली मोटार पिवळी, एवढं पुरे होतं. सीडी ट्रेमध्ये असल्याशिवाय गेम सुरू व्हायचा नाही. शर्यतीत वाजणारी गाणीसुद्धा थेट त्या सीडीवरूनच वाजायची, कॅसेट वाजावी तशी.

पुढे ती सीडी घासायला लागली, तेव्हा गजूभाऊनं तिची नक्कल बनवली. नक्कल करता करता त्याच्या डोक्यात काय आलं कोणास ठाऊक! आतलं धांगडधिंग्याचं इंग्रजी संगीत त्यानं काढून टाकलं आणि त्या जागी सपनावहिनीच्या आवाजातली भुलाबाईची, म्हणजे आमच्याकडच्या भोंडल्याची, गाणी भरली. त्या कोजागिरीला तिला माइकसमोर बसवून म्हणवून घेतलेली. मग काय, आर्वीची पोरं भुलाबाईच्या गाण्यांवर विलायती रस्त्यांवरून मोटारी पिटाळायला लागली. वहिनी लाजून दुकानात पाऊल ठेवेना.

पुढच्याच उन्हाळ्यात ती तापानं गेली. मयुरी तेव्हा नीट चालतही नव्हती.

मयुरी आता सातव्या महिन्यात आहे. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून घरी आलेली. पण या माहेरी आई नाही, आणि आईचा आवाज कसा होता हे तिला माहीत नाही. लग्नाची व्हिडिओ कॅसेट आहे. तीत वहिनी हसते, काहीतरी बोलते, मान वळवून कोणाला तरी हाक मारते. पण तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे व्हिडिओवाल्यानं सगळा आवाज पुसून वर सिनेमाची गाणी टाकलेली. जगात तो आवाज एकाच ठिकाणी उरला होता.

"बाबा म्हणत, ते गाणे कधीचेच बंद पडले, सीडी घासली," मयुरी मला म्हणाली. "म्हून मी नागपूरले एक जण शोधला, काका. तो घासलेल्या सीड्या दुरुस्त करते. लेकराले मले तेच गाणं म्हणून दाखवायचं होतं. आता काय म्हणू?"

तिचे डोळे भरले.

त्यात कोडं असं, की ट्रे सीलबंद होता. पोरं सीड्या पळवायची म्हणून ट्रेवर चिकटपट्टी लावायची पद्धत गजूभाऊचीच. दर लक्ष्मीपूजनाला मशीनची पूजा करताना तो जुन्या पट्टीवरच नवी पट्टी लावी आणि तिच्यावर टेबलाच्या खणातल्या करंड्यातल्या कुंकवानं स्वस्तिक काढी. दुकान बंद झालं, मशीन घरच्या मागच्या खोलीत आलं, तरी हे चालूच होतं. तिथं आता पट्ट्यांची चांगली जाड गादी झाली होती. ती मयुरीनं कापेपर्यंत शाबूत होती.

आणि गेल्याच दिवाळीत आम्ही जुनी मंडळी जमून याच मशीनवर पिवळी मोटार खेळलो होतो. गेम झकास चालला होता.

मी लक्ष्मणमामांना फोन लावला.

२. कंडक्टर फोडला

लक्ष्मणराव माझे सख्खे मामा. सगळी नोकरी एस.टी.त तिकीट तपासण्यात गेली. ते कधी कोणाला "तिकीट दाखवा" म्हणत नसत. शेजारी टेकायचे आणि गप्पा मारायचे. तळेगावला चढलो म्हणणाऱ्याला विचारायचे, "स्टँडवर गर्दी होती का हो?" आणि उत्तर ऐकून हळूच पावतीपुस्तक काढायचे. कॉम्प्युटरमधलं त्यांना शून्य कळतं. मोबाइलही ते कानापासून हातभर लांब धरून बोलतात.

मामा आले, चहा प्यायले आणि कापलेली टेप उलटीसुलटी करून बघून खिशात ठेवली.

"गजू, त्या गाण्यात होतं काय, सांगजो जरा."

"भुलाबाईचे गाणे, मामा. सगळे म्हणून झाले का ते डबा वाजवते नि खाऊ ओळखायले लावते."

आमच्याकडे भुलाबाईची गाणी संपली की असंच असतं. यजमानीण झाकलेला डबा खुळखुळ वाजवते आणि आत कोणता खाऊ आहे ते पोरींनी आवाजावरून ओळखायचं.

"मंग? काय होतं डब्यात?"

गजूभाऊ म्हणाला, "ते फक्त मले माहीत हाय. शर्यत संपली का गाणं तुटे, म्हून पोराईनं शेवट कधी ऐकलाच नाई. म्या कोणाले सांगतलं नाई. मयुरीलेबी नाई. तिनं ते तिच्या आईच्या तोंडून ऐकावं, असं वाटे."

मामांनी मान डोलवली आणि माझ्याकडे वळले. "काऊन रे धन्या, सीडीबिगर गेम चालते का?"

"चालवता येतो, मामा. त्या काळी सगळेच करत. गेमची एक फाइल काढून तिच्या जागी दुसरी सुधारलेली टाकायची. मग गेम सीडी मागतच नाही."

"म्हंजे कंडक्टर फोडला."

"तसंच समजा. पण गाणी नाही वाजत. गाणी सीडीवरच असतात ना."

"सामान प्रवाशासंग उतरलं." मामा गजूभाऊकडे वळले. "गाणे बंद पडले तवा गेम अडकत होता का? मधातच थांबे, असं?"

"नाई, मामा. गेम मस्त चाले. गाणं तेवढं नाई."

आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. घासलेली सीडी अडखळते, घरघरते, गाणं एकाच जागी उड्या मारतं. गेम सुरळीत आणि गाणं एकदम मुकं, असं कधी होत नाही. असं एकाच वेळी होतं, जेव्हा सीडी आत नसते आणि कंडक्टर फोडलेला असतो.

मी ते बोलून दाखवलं.

"म्हंजे सीडी सपना गेली त्याच वर्षी गेलती," गजूभाऊ अगदी हळू म्हणाला. "मंग इतके वर्षं मी पूजा कायची करून राह्यलो?"

३. सगळ्यांनी ऐकलेलं गाणं

त्या वर्षी, म्हणजे वहिनी गेली त्या वर्षी, दुकानाची किल्ली हाती असलेली माणसं तीनच. सकाळी कॉम्प्युटरचे क्लास घेणारी वर्षाली, संध्याकाळी मशीनं सांभाळणारा रुपेश आणि नागपूरचं कॉलेज सोडून भावाच्या मदतीला आलेला पियुष, गजूभाऊचा धाकटा भाऊ. कंडक्टर फोडायची विद्या तिघांनाही येत होती. तशी ती मलाही येत होती, आणि मामांनी पहिली चौकशी माझीच केली. भाचा म्हणून सूट नाही. निघताना त्यांनी माझ्या घरातून एक स्टीलचा डबा घेतला, त्यात मूठभर सोयाबीन टाकलं आणि झाकण लावून काखेत मारला. मी म्हटलं, वय झालं.

वर्षाली आता शाळेत शिकवते. आम्हाला पाहून तिनं पोहे टाकले.

"दिवाळीत खेळला तवा गाणं वाजलं होतं का, पोरी?" मामांनी विचारलं.

"वाजलं ना! सपनावहिनीचंच. मले तर रडूच आलं."

"मलाही आठवतं," मी म्हणालो. खरंच आठवत होतं. दुसऱ्या वळणावर ती तान यायची, तिथं मी नेमका ब्रेक दाबायचो.

"स्पीकर कुठं होते?"

स्पीकर नव्हतेच. मॉनिटर, की-बोर्ड आणि खोकं, एवढंच मागच्या खोलीत होतं. स्पीकर दुकान बंद झालं तेव्हाच कोणीतरी नेले होते.

"अरे देवा," ती म्हणाली. "मंग म्या ऐकलं काय?"

मला वाटतं, आम्ही दोघांनीही तेच ऐकलं होतं. पिवळी मोटार सुटली की ते गाणं वाजायचंच. स्पीकर असोत की नसोत, आमच्या कानांना त्याची गरजच उरली नव्हती. मला एकदम पंधरा वर्षांचा झाल्यासारखं वाटलं, आणि लगेच फार म्हाताराही.

वर्षालीनं आणखी एक गोष्ट सांगितली. त्या वर्षी गजूभाऊ रात्रंदिवस त्या मशीनसमोर बसे. कानाला हेडफोन, आणि मोटार मात्र सुरुवातीच्या रेषेवर उभी. बाकीच्या मोटारी सुसाट निघून जायच्या, याची हलायची नाही. शर्यत संपली की गाणं तुटतं, म्हणून तो शर्यत सुरूच करत नसे. मयुरी घरात रडायची, तर हा तिच्याकडे बघायचाही नाही.

"आम्हाले वाटे, हा माणूस आता गेला," ती म्हणाली.

उठताना मामांनी डबा वाजवला. "ओळख, काय हाय?"

"शेंगदाणे?"

"नाई," मामा म्हणाले आणि चप्पल घालायला लागले.

४. मक्यातल्या सीड्या

रुपेशचा ढाबा कारंजा (घाडगे)ला, हमरस्त्यावर. ढाब्यामागे त्याचं शेत आहे. आम्ही पोचलो तेव्हा उन्हात सगळा मका लखलखत होता. जवळ जाऊन बघतो तर ताटाताटाच्या मधून दोऱ्या बांधलेल्या आणि त्यांवर सीड्या लटकवलेल्या. वाऱ्यानं त्या गरगर फिरत होत्या.

"पाखरं येत नाईत, मामा," रुपेश अभिमानानं म्हणाला. "गजूभाऊचं दुकान बंद झालं तवा बोराभर सीड्या आणलत्या. त्यानंच देल्ल्या. फेकून काऊन द्यायच्या?"

तिथं आमचं सगळं पोरपण टांगलं होतं. माझी विमानं, वर्षालीचा बुद्धिबळाचा पट, वर्ध्याहून येणारा पोरगा खेळायचा ते रणगाडे. उन्हानं त्यांची पाठ पार उडून गेली होती, काहींतून तर आरपार दिसत होतं. मी एकेक पालटून बघू लागलो. आणि तिसऱ्या ओळीच्या टोकाला थांबलो.

सीडीवर पिवळी मोटार होती.

"मामा!" माझा आवाज फाटला. मामा धावत आले. मी ती उन्हापुढे धरली आणि पलीकडचा हमरस्ता तिच्यातून मला दिसला. जळून गेली होती. मयुरीला मी काय तोंड दाखवणार, तेच कळेना.

मामांनी ती हातात घेतली, अंगठ्यानं मोटारीचं चित्र घासलं. "हे छापील हाय का रे?"

"हो."

"गजूनं घरी बनवलेल्यावर छापील चित्र कुठून आलं?"

मी मटकन बांधावर बसलो आणि हसायला लागलो. ही पहिली सीडी होती, दुकानातून आणलेली, घासून गेली ती. वहिनीचा आवाज हिच्यात कधी नव्हताच.

"ती दुसरी तर मशीनमधीच होती," रुपेश म्हणाला. "गेम चालू होता ना शेवटपावतर. म्या कायले हात लावू?"

मामांनी डबा वाजवला.

"सोयाबीन," रुपेश पटकन म्हणाला. "तुमचा भाचा अडत्या हाय. त्याच्या घरी दुसरं काय निघन?"

मामा मनापासून हसले. मग गाडी आर्वीकडे वळवायला सांगितली. आता एकच जण उरला होता आणि तो घरचाच होता.

५. वरची पेटी

पियुषचं कापडाचं दुकान आर्वीच्या मुख्य रस्त्यावर आहे. आम्ही गेलो तेव्हा कमलाबाई म्हणून एक काकू लुगडं घेत होत्या. गादीवर दहा लुगडी पसरली होती आणि त्यांना एकही पसंत नव्हतं.

"ते वरच्या फळीवरची लाल पेटी काढ ना बाप्पा. दर खेपेले पायतो, तू दाखवतच नाई."

"ते विकाऊ नाई, काकू," पियुष म्हणाला आणि घाईनं त्यांच्यासमोर अकरावं लुगडं उलगडलं.

त्या गेल्यावर पियुषनं आम्हाला गादीवर बसवलं, चहा सांगितला. मयुरीचं कळलं होतं त्याला. "लई वाईट झालं," तो म्हणाला. आमच्याकडे न बघता तो कापडाच्या घड्या घालत होता. "कोण नेली असंल? आता काय सापडते!"

"दिवाळीत तू खेळला होता?" मामांनी विचारलं.

"नाई, मी उभा होतो. मले नाई आवडत तो गेम."

मामांनी आणखी दोन-तीन इकडचे तिकडचे प्रश्न विचारले. पोरांचं शिक्षण, धंदा, गुडघेदुखी. मला कंटाळा आला. मग त्यांनी नेहमीसारखा डबा काढला आणि वाजवला. "ओळखजो."

पियुष पहिल्यांदाच मोकळा हसला. "काय मामा, भुलाबाई मांडली का? खुळखुळा हाय का त्यात?"

"सोयाबीन," मामा म्हणाले. त्यांनी चहा संपवला, बशी बाजूला ठेवली आणि उठले. "संध्याकाळी गजूकडे येजो, पियुष. सगळेच येऊन राह्यले."

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "मामा, काहीच हाती लागलं नाही."

"घरी गरम पाणी मिळंन का रे?" मामा म्हणाले. "टेप भिजू घालायची हाय."

६. सगळ्यांत खालची पट्टी

संध्याकाळी गजूभाऊच्या मागच्या खोलीत आम्ही सगळे बसलो. वर्षाली आली, रुपेश कारंज्याहून आला, पियुष दाराशी उभा राहिला. मयुरी पलंगावर उशीला टेकून बसली होती.

मामांनी ताटात एकेक सुटी केलेली पट्टी मांडली. एकावर एक लागलेल्या, पण गरम पाण्यानं वेगळ्या झालेल्या. प्रत्येकीवर कुंकवाचा डाग होता, काहींवर अजून स्वस्तिकाचा एखादा हात दिसत होता. शेवटची, सगळ्यांत खालची पट्टी त्यांनी बोटावर धरली. ती कोरी होती.

"गजू, पहिली पट्टी तू कवा लावली?"

"सीडी बनवली त्याच दिवाळीले. सपनानंच कुंकू देल्लं हातात."

"मंग खालची पट्टी कुंकवाची पायजे होती. ही तर कोरी हाय. म्हंजे तू लावलेली ती पट्टी कोणीतरी काढली, सीडी घेतली नि ही लावली. त्याच्या वरून तू पुढच्या दिवाळ्याईच्या पट्ट्या लावत गेला."

"मधातली एक दिवाळी आमच्याकडे नव्हतीच, मामा," गजूभाऊ म्हणाला. "दुःखाचं वर्ष. आईनं घरातलं सगळं तोरण-कुंकू उतरवलं होतं. नंतर पट्टी लावताना कोरं दिसलं, तर मले वाटलं तिनंच पुसलं."

"बरोबर." मामा सगळ्यांकडे बघत म्हणाले. "आता पाहा. बाहेरच्या चोरानं काय केलं असतं? टेबलाच्या खणात कुंकवाचा करंडा होता. त्यानं नवी पट्टी लावून वर हुबेहूब स्वस्तिक काढलं असतं. नाईतर पकडला गेला असता ना! पण ज्यानं हे केलं, त्याचा हात कुंकवाकडे गेलाच नाई. पकडलं जाऊ, हे माहीत असूनबी गेला नाई. काऊन? कारण त्याच्याबी घरी दुःखाचं वर्ष होतं."

रुपेशनं मान खाली घातली. वर्षालीनं माझा हात धरला.

"त्या घरात तवा दुकानात जाणारे दोघंच. गजूनं नेली असती तर रिकाम्या ट्रेची इतके वर्षं पूजा नसती केली." मामांचा आवाज एकदम मऊ झाला. "गजू, डब्यात काय होतं, ते आता सांग."

गजूभाऊनं मयुरीकडे पाहिलं. मग म्हणाला, "खाऊ नव्हताच. मयुरीचा खुळखुळा होता."

दुपारचं ते ‘खुळखुळा हाय का त्यात?’ माझ्या कानात वाजलं. मी दाराकडे वळलो.

पियुष तिथं खाली बसला होता. त्याच्या मांडीवर एक लाल पेटी होती. ती तो येतानाच घेऊन आला होता.

"पोरगी मरत होती, दादा," तो म्हणाला. "ताप होता तिले. आई हाका मारून राह्यली नि तू हेडफोन घालून बसला. मोटार उभी. म्या सीडी काढली, म्हटलं आठ दिवसांनी ठेवू परत. घरच्या प्लेअरवर एकदा ऐकली, शेवटपर्यंत. मंग तू पोरीले उचललं. पहिल्यांदा. म्हटलं, थोडं अजून थांबू." तो डोळे पुसायलाही विसरला होता. "नि मंग तू म्हणाला, ‘मीच वाजवून वाजवून घासली तिले.’ त्या दिवशी सांगायले पायजे होतं. तोंडच उघडलं नाई. दर दिवाळीले तू ते स्वस्तिक काढे, नि मी मांगं उभा राहो."

गजूभाऊ उठला. माझ्या मनात नको नको ते आलं. लहान असताना या दोघांची मारामारी मी पाहिली होती, आणि गजूभाऊचा हात भारी आहे.

तो भावासमोर जाऊन बसला, मांडीला मांडी लावून. पेटी उघडली. आत एक नेसलेलं जुनं लुगडं होतं, वहिनीचं, आणि त्याच्या घडीत कागदाच्या पाकिटात सीडी. तिच्यावर एकही ओरखडा नव्हता.

"माह्यापाशी असती," गजूभाऊ अडखळत म्हणाला, "तर खरंच घासली असती बे. तू नेली म्हून राह्यली." आणि त्यानं पियुषच्या डोक्यावर एक टप्पल मारली, जशी धाकट्याला मारतात. मग दोघंही रडायला लागले. मीही रडलो, उगाच कशाला लपवू?

७. रेषेवर

रुपेश धावत जाऊन गाडीत ठेवलेले ढाब्याचे स्पीकर घेऊन आला. पियुषनं गेमची जुनी फाइल पुन्हा जागेवर आणली. त्यानं ती तेव्हाही पुसली नव्हती, नाव बदलून तिथंच ठेवली होती. आता गेम पुन्हा सीडी मागणार होता. गजूभाऊनं ती दोन बोटांच्या कडेनं धरून ट्रेमध्ये ठेवली आणि ट्रे आत गेला.

बराच वेळ नुसती घरघर. मग पडद्यावर परदेशातला तो चकचकीत रस्ता आला, सुरुवातीची पांढरी रेषा, आणि रेषेवर पिवळी मोटार. हिरवा दिवा लागला. बाकीच्या मोटारी भुर्रकन निघून गेल्या.

की-बोर्ड माझ्यासमोर होता. हात शिवशिवत होते, खोटं कशाला बोलू. मी ते मांडीखाली दाबून बसलो.

आणि वहिनी गायला लागली.

आवाज थोडा बारीक होता. माझ्या आठवणीत होता त्याहून खूप कोवळा. आम्हाला ती मोठी बाई वाटायची आणि ही तर आत्ताच्या मयुरीएवढी पोरगी होती. मध्ये एकदोनदा गाणं अडखळलं, तेव्हा सगळ्यांचेच जीव खालीवर झाले, पण ते पुढे सरकलं. दुसऱ्या वळणाची तान आली, पुढची आली, आणि मग आम्ही शर्यत जिंकण्याच्या घाईत कधीच न ऐकलेली गाणी एकामागून एक सुरू झाली.

शेवटचं गाणं संपलं. कुठंतरी बांगड्या वाजल्या. मग डबा वाजला, खुळ्ळ, खुळ्ळ, आणि पाठोपाठ एक लहानसं बाळ खळखळून हसलं.

"मयू," वहिनी म्हणाली. "ए मयू! वळख पाहू, डब्यात काय हाय?"

"खुळखुळा," मयुरी म्हणाली. मोठ्यानं, स्पीकरकडे बघत. तिचा एक हात पोटावर होता आणि दुसऱ्यानं तिनं बापाची बाही घट्ट धरली होती.

"वळखलं!" वहिनी हसून म्हणाली. "माही शहाणी बाई ते." आणि पुन्हा डबा वाजला.

पडद्यावर सगळ्या मोटारी केव्हाच पोचल्या होत्या. फक्त आमची पिवळी मोटार अजून रेषेवर उभी होती आणि कोपऱ्यात शेवटचा नंबर लुकलुकत होता. मामांनी तो निरखून बघितला आणि मला विचारलं, "हारलो का रे?"

"हो, मामा."

"पुन्हा लाव," मयुरी म्हणाली.